प्रभूच्या मेजाशी लायकी कसली तपासता?

मा. संपादक,
स.न.

आपल्या रविवार पुरवणीत बारावीच्या मुलांवर ‘सगळं अचूकच जमलं पाहिजे’ असं जे दडपण असतं, त्याविषयी लेख आला होता. तो वाचून हे पत्र लिहितोय, कारण हाच आजार आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, खोल मुरला आहे आणि त्याबद्दल कुणी उघड बोलत नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून माझी उभी हयात गेली. बोअरमध्ये, म्हणजे जॉबच्या भोकात, मापाचं ‘गो’ गेज गेलं पाहिजे आणि ‘नो-गो’ जाता कामा नये. तसं नसेल तर जॉब नापास, लाल पेटीत. तिथे दयामाया नाही आणि नसावीच, कारण त्या जॉबवर पुढे कुणाचा तरी ट्रॅक्टर चालायचा असतो. पण मंडळीत मी ‘वडील’ (एल्डर) आहे. म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाच्या पेल्यांचा ट्रे घेऊन बाकाबाकाशी जाण्याची सेवा माझ्याकडे असते. आणि तिथे चांगली चांगली माणसं स्वतःच स्वतःला गेज लावून लाल पेटीत जाऊन बसलेली दिसतात.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं, त्याची आठवण म्हणजे प्रभुभोजन. बोटाच्या पेराएवढा भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. ताट बाकाच्या या टोकाला द्यायचं, ते हातोहात त्या टोकाला पोहोचतं. मागच्या बाकांवरचे काही हात ते ताट धरतात, जरासे थबकतात आणि तसंच पुढे सरकवतात.

त्यातला एक हात एका निवृत्त नर्सबाईंचा. (त्यांना विचारूनच लिहितोय.) रात्रपाळ्या करून परक्यांची हगणीमुतणी निस्तरलेली ही बाई. उपासना सुटल्यावर आवारात विचारलं, “बाई, आजही घेतलं नाहीत?” तर म्हणाल्या, “नको वो दादा. जावंशी बोलणं न्हाई, बायबल वाचन बी धड होईना झालंय. आधी सगळं नीट करतो, मग घेतो.”

हे ‘मग’ उजाडत नाही. तरुणांचंही तेच. वर्षभरात बायबल वाचून काढायचा तक्ता मोबाइलवर असतो. चार दिवस चुकले की मन खातं, आणि पोरगी तरुण संघाला येणंच सोडते. पहाटेच्या प्रार्थनेच्या ग्रुपवर रोज कुणाची तरी विजयाची साक्ष. हरलेल्याची साक्ष कोण मागतं?

या भीतीला आम्हीच खतपाणी घालतो. बायबलात प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं सत्ताविसावं वचन, जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो दोषी ठरेल, एवढंच मोठ्या आवाजात वाचलं जातं. विसाव्या वचनापासून वाचून बघा. करिंथात काही जण आपापलं जेवण आधीच उरकून घेत, पिऊन तर्र होत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. पौल भडकलाय तो त्यावर. कुणाचं वाचन राहिलं, कुणाची प्रार्थना तुटक झाली, याचा तिथे विषयच नाही. आणि अठ्ठाविसाव्या वचनात तो सांगतो की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. परीक्षा करून घरी जावं असं तो म्हणत नाही.

बाईंनी मला मत्तयाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन दाखवलं होतं: वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर. मुद्दा बिनतोड आहे, आणि जावेकडे जायलाच हवं, हेही त्यांना मी सांगितलं. पण तिथे गोष्ट आपण देवाला देतो त्या दानाची आहे. प्रभुभोजनात देणारा तो आहे, आपण घेणारे. घरचं भांडण मिटवायला जे बळ लागतं ते ज्या मेजावर मिळतं, त्याच मेजाकडे पाठ फिरवून ते कुठून आणायचं?

पहिल्या मेजाशी तरी कोण होतं? कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणारा त्याचा शिष्य पेत्र. आपल्यात मोठा कोण म्हणून त्याच रात्री वाद घालणारे बाकीचे. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर सांगतो की येशूला धरून देणाऱ्याचा हातही त्याच मेजावर होता.

यावर कुणी म्हणेल, मग कसंही वागावं काय? ‘तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’ हे येशूचंच वचन आहे ना? आहे. पण त्याच्या तीनच वचनं आधी तो सांगतो की बाप आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, पाऊसही दोघांवर पाडतो. वैऱ्यावरसुद्धा प्रीती करा, असा तो सगळा उपदेश आहे. तो ऐकून ज्याला स्वतःचा तक्ता आठवतो, त्याची नजर चुकीकडे लागली आहे असं मी म्हणेन.

अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांचं काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. आमची परंपरा ती. याच प्रेस्बिटेरियन परंपरेत, तिकडे स्कॉटलंडमध्ये, पूर्वी प्रभुभोजनाआधी लोकांची परीक्षा होई आणि लायक ठरलेल्याला शिशाचं टोकन मिळे. टोकन नसलं तर मेजाशी जागा नाही. पुढे ती चाल मोडली. आम्ही मात्र मनातल्या मनात अजून टोकनं वाटतोय. त्याच स्कॉटलंडमधले हिब्रूचे प्राध्यापक जॉन डंकन (१७९६–१८७०) यांची गोष्ट सांगतात. एक बाई रडत पेला नाकारत होती. डंकन यांनी तो तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, घे बाई, हा पाप्यांसाठीच आहे.

आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर आठेक वर्षांनी आपल्याला उमगलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढ्या विद्वान बाईला आठ वर्षं लागली, तर आमच्या मागच्या बाकावरच्यांना दटावून काय होणार?

कोल्हापुरातल्या पाळकसाहेबांना माझी विनंती आहे, की प्रभुभोजनाआधी विसाव्या वचनापासून वाचावं आणि हे मेज कोणासाठी आहे ते एका वाक्यात स्पष्ट सांगावं. माझ्यासारख्या वडिलांनी मागच्या बाकांशी जरा थांबावं, ताट पुढे ढकलण्याची घाई करू नये. आणि ‘आपण लायक नाही’ म्हणून ज्यांनी येणंच सोडलंय, त्यांची नावं प्रत्येक मंडळीला ठाऊक असतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आपण प्रभुभोजन नेतोच. यांच्या दारी जायला काय हरकत आहे?

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, कोल्हापूर