बागेतल्या 'पर्यावरणपूरक' खोलीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: करारात लिहिलेले साहित्य न वापरणे, वाशांना लागलेला भुंगा आणि 'शून्य कार्बन' या दाव्याचे पुरावे मिळण्याबाबत

महोदय,

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या आंबा-काजूच्या बागेत तुमच्या कंपनीने गेल्या उन्हाळ्यात १२ बाय १० फुटांची खोली बांधून दिली. जून संपायच्या आत तिच्या वाशांतून भुसा गळू लागला आणि गणपतीपर्यंत भिंतींना पोपडे आले. फोनवर तक्रार केली तेव्हा तुमच्या प्रतिनिधीने सांगितले, "मॅडम, मटेरियल नॅचरल आहे, एवढं चालायचंच." मला सर्वांत जास्त आक्षेप या उत्तरावर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बांबू आम्हाला नवा नाही. आमच्या न्हाणीघरावरचे बांबू माझ्या सासऱ्यांनी चढवलेले आहेत, चुलीच्या धुराने काळे झाले आहेत आणि अजून जागच्या जागी आहेत. बांबूत पिष्ट असते. ते खायला भुंगा येतो, कापलेल्या टोकातून आत अंडी घालतो आणि अळी आतून पोखरत पिठासारखा भुसा बाहेर टाकते. म्हणून तीन-चार वर्षांचा जून बांबू निवडायचा, पावसाळा सरल्यावर तोडायचा आणि पेरांतले पडदे फोडून बोरिक ॲसिड व बोरॅक्सच्या द्रावणात बुडवून ठेवायचा. आमच्याकडची जुनी माणसे अंधाऱ्या पंधरवड्यात तोडा असेही सांगतात. ते तुम्ही मानू नका, पण बांधकामाच्या बांबूवर कशी प्रक्रिया करावी यासाठी आयएस ९०९६ हे भारतीय मानक आहे आणि तुमच्या करारातल्या साहित्याच्या पहिल्याच ओळीत त्याचा उल्लेख आहे: 'आयएस ९०९६ नुसार प्रक्रिया केलेला माणगा बांबू'.

माणगा सिंधुदुर्गात भरपूर होतो आणि तो जवळजवळ भरीव असतो. आमच्या वाशांची टोके पोकळ आहेत, कुठेकुठे तर करंगळी आत जाते. फोटो सोबत जोडले आहेत. म्हणजे जातच वेगळी निघाली. प्रक्रिया झाली की नाही, हे ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी तपासून दिले. अल्कोहोलमध्ये विरघळवलेली हळद कापलेल्या भागावर लावायची आणि त्यावर आम्लाचे द्रावण सोडायचे. आत बोरॉन (बोरिक ॲसिड व बोरॅक्समधला घटक) असेल तर पिवळ्याचा लाल होतो. आमचा तुकडा पिवळाच राहिला. बोरॉन पावसाने धुऊन जातो, असे तुम्ही म्हणाल. ते खरे आहे, म्हणूनच तुकडा खोलीच्या मधोमध असलेल्या वाशाचा घेतला होता, जिथे पाण्याचा थेंब पोहोचत नाही. त्याच वाशाचा दुसरा तुकडा मी जपून ठेवला आहे. तुमच्या माणसासमोर पुन्हा चाचणी करायची माझी तयारी आहे.

तेव्हा भुसा पडला तो बांबूने गुण दाखवला म्हणून नव्हे. स्वस्तातला, कच्चा, प्रक्रिया न केलेला माल चढवला म्हणून पडला.

आता छपराबद्दल. या भागात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सरळ कधी पडत नाही, झड भिंतीवर येते. त्यासाठीच कोकणातल्या घरांच्या पागोळ्या भिंतीपासून लांब काढतात आणि पावसाच्या अंगाला पूर्वी झापांचा आडोसा बांधत. तुमच्या खोलीचे छप्पर भिंतीबाहेर जेमतेम सहा इंच येते. तुमच्या आर्किटेक्टने पाठवलेल्या चित्रात ते तसे फार देखणे दिसत होते. पण बाहेरचे खांब पावसाळाभर भिजले, त्यांचे तळ काळे पडले आणि दोन ठिकाणी बुरशी आली. बांबू, माती, चुना वापरून बांधायचे तर त्यांना पाण्यापासून वाचवणे हा डिझाइनचाच भाग आहे. त्याचे वेगळे पैसे मागण्याचे कारण नाही. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तुम्ही 'छप्पर विस्तार' म्हणून ५८,००० रुपये लावले आहेत. ते मी देणार नाही.

करारात जुनी मंगळुरी कौले लिहिली होती. आली ती कौलासारखा छाप असलेला रंगीत पत्रा आणि त्याला खालून चिकटवलेला फोम. पत्रा वाईट नसतो. सुटा पत्रा भंगारात जातो आणि वितळून पुन्हा वापरात येतो. पण फोम चिकटवला की दोन्ही वेगळे करणे अवघड होते. संगमेश्वर, देवरुख भागात जुनी घरे पाडताना चांगली कौले रस्त्याकडेला रचून ठेवलेली दिसतात, ती मिळत नाहीत हे कारण मला पटत नाही.

जोत्याचे प्रकरण त्याहून गंभीर आहे. 'सिमेंटविरहित पाया, स्थानिक जांभा' असे छापील माहितीपत्रकात आहे आणि करारातही. चिरेखाण आमच्यापासून दहा किलोमीटरवर आहे. जांभ्याचा चिरा भाजावा लागत नाही. खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत टणक होतो. प्रत्यक्षात कंबरेपर्यंतची भिंत तेवढी जांभ्याची आहे आणि खाली अर्धा फूट जाडीचा काँक्रीटचा अख्खा स्लॅब आहे. त्याला १४ गोण्या सिमेंट लागले. रिकाम्या गोण्या आमच्याच खळ्यात टाकून तुमचे कामगार गेले, म्हणून आकडा नेमका सांगता येतो. सिमेंट वापरूच नये असे माझे म्हणणे नाही, आमच्या राहत्या घरात ते आहेच. पण त्यातला मुख्य घटक असलेले क्लिंकर करायला चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजतात आणि कार्बन डायऑक्साइड जसा इंधनातून येतो तसा त्या दगडातूनही सुटतो. भट्टी कोणत्याही विजेवर चालवली तरी दगडातला वायू सुटायचा थांबत नाही. असे सातशे किलो सिमेंट ओतून त्या खोलीला 'शून्य कार्बन' कसे म्हणता, याचा हिशेब मला लेखी हवा आहे. कुठे झाडे लावून वजाबाकी केली असेल तर कोणती, कुठे आणि किती, तेही कळवावे.

करारातल्या चुन्याच्या गिलाव्याचेही तेच. चुना भाजतानाही वायू सुटतो, मात्र भिंतीवर आळताना तो हवेतून त्यातला बराचसा परत घेतो आणि मुख्य म्हणजे भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. जांभा सच्छिद्र असतो, पाणी ओढतो. त्यावर तुम्ही सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक इमल्शन रंग मारलात. ओल आत कोंडली आणि पोपडे आले. दाराच्या चौकटी 'जुन्या सागवानाच्या' असायच्या होत्या, त्या पीव्हीसी मिसळलेल्या डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या निघाल्या. त्यांना वाळवी लागणार नाही, एवढे खरे.

वाळवीवरून आठवले. जोते भरण्याआधी तुमच्या माणसांनी जमिनीवर जे दुधाळ पाणी फवारले, त्याच्या डब्यावर क्लोरपायरीफॉस २०% ईसी असे या कीटकनाशकाचे नाव छापलेले होते. फोटो आहे. 'रसायनमुक्त बांधकाम' हे तुमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे आणि आमची पिण्याच्या पाण्याची विहीर तिथून वीस फुटांवर आहे. फवारण्यापूर्वी कोणी विचारले नाही, विहिरीचे अंतर कोणी मोजले नाही. किती द्रावण, कोणत्या तारखेला, कुठे-कुठे ओतले याची नोंद आठ दिवसांत पाठवा. विहिरीच्या पाण्याची तपासणी आम्ही करून घेत आहोत, तिचा खर्च तुमच्याकडे लावला जाईल.

साधी विटा-सिमेंटची खोली आमचा गावातला गवंडी साडेचार लाखांत देत होता. तुमच्याशी करार ६,४०,००० रुपयांचा झाला. वरचे १,९०,००० आम्ही माणगा, चुना, जुनी कौले, जुने सागवान आणि सिमेंटविरहित पाया यांच्यासाठी मोजले. यातली एकही वस्तू त्या खोलीत नाही. आणि तरी तुमच्या जाहिरातीत आमच्याच खोलीचा फोटो 'शाश्वत बांधकामाचा नमुना' म्हणून झळकतो आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. 'पर्यावरणपूरक', 'हरित', 'शाश्वत' असे मोघम शब्द पुरेशा खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत, असे त्यांत स्पष्ट आहे. तुमच्या कायदेशीर सल्लागारांना ती माहीत असतीलच.

माझी मागणी अशी आहे. सर्व बांबू उतरवून प्रमाणपत्रासह प्रक्रिया केलेला माणगा बसवावा आणि पागोळी किमान तीन फूट बाहेर काढावी, दोन्ही तुमच्या खर्चाने. इमल्शन व सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करावा. स्लॅब आता फोडू नये, शेजारच्या कलमाची मुळे दुखावतील. त्याऐवजी पाया, छप्पर आणि चौकटी यांच्या दरातला फरक परत करावा. आमच्या खोलीचा फोटो सर्व जाहिरातींतून तत्काळ काढावा. तुम्ही व्याजासह मागत असलेला ६४,००० रुपयांचा शेवटचा हप्ता काम करारानुसार पूर्ण होईपर्यंत मिळणार नाही.

या पत्राला ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे करारातली 'वाद केवळ पुण्याच्या न्यायकक्षेत' ही ओळ दाखवून आम्हाला थांबवता येणार नाही. फसव्या दाव्यांबद्दल प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार जाईल, ती या उत्तरावर अवलंबून नाही.

बांबू तोडणी, प्रक्रिया आणि सुकवणी धरून काम मेच्या आत संपायचे असेल तर पाहणी याच महिन्यात व्हायला हवी. पाहणीला येणाऱ्या इंजिनिअरने बांबूच्या खरेदीचे मूळ बिल आणि प्रक्रिया केंद्राचे चलन सोबत आणावे. ते नसेल तर फेरी घालू नये.

आपली ग्राहक,
(सही)
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

सोबत: कराराची व माहितीपत्रकाची प्रत, वाशांचे, डब्याचे व भिंतींचे फोटो, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या