हिरोचा चेहरा नसलेली पोस्टरं

वॉर्सा, रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

फोनवर एवढं टाइप होत नाही, म्हणून पत्र.

तुझ्या बॅनरच्या शेडमध्ये मी शिडी धरून उभा असायचो, आठवतंय? निर्माता आला की त्याचं एकच, "पेंटर, हिरो मोठा करा!" काल इथलं विलानुवचं पोस्टर संग्रहालय बघताना तेच कानात घुमत होतं. 1968 सालचं, जगातलं असलं पहिलंच. तिथे तुझा माणूस भेटला. हेन्रिक तोमाशेव्हस्की, पोस्टरं काढणारा, 1914 चा, इथलाच.

महायुद्धात वॉर्साचा ढिगारा झालेला. नंतर सरकारी फिल्म कंपनीने याला आणि त्याच्या दोस्तांना सिनेमाच्या पोस्टरांचं काम दिलं. यांनी अट घातली, नटांचे चेहरे काढणार नाही, आमच्या पद्धतीने करू. आणि कंपनी कबूल झाली! आता सिनेमा सरकारचाच, तिकिटं खपवायची घाई कोणाला? आपल्याकडे असं कोणी बोललं असतं तर रंगाचे डबे उचलून घरी जावं लागलं असतं. 1948 ला व्हिएन्नाच्या प्रदर्शनात गड्याने पाच पहिली बक्षिसं मारली.

पण मी अडकलो ते 1983 च्या एका पोस्टरपाशी. गोम्ब्रोविच या पोलिश लेखकाचं 'इतिहास' नावाचं नाटक. पोस्टरवर फक्त एक अनवाणी पाऊल, आणि पायाच्या बोटांनी केलेली 'व्ही'ची खूण. ही खूण म्हणजे सॉलिडॅरिटीवाल्यांची, सरकारशी भांडणाऱ्या इथल्या कामगार संघटनेची. 1981 च्या डिसेंबरात लष्करी कायदा लागला, पुढे संघटनेवरच बंदी आली. हाताने करायची खूण याने पायाला करायला लावली. कोणी हटकलंच तर उत्तर तयार, नाटकातला नायक अनवाणीच आहे की! (हे माझं डोकं हं, तो असं म्हणाल्याचं कुठे वाचलेलं नाही.) रेघ बघशील तर वाटेल, पोराने सहज ओढलीय. तू मात्र फसणार नाहीस. तुझा एका फटकाऱ्यातला 'श्री' मी पाहिलाय, आणि त्याआधी रद्दीत गेलेले कागदही.

1952 ते 1985 तो इथल्या कला अकादमीत शिकवत होता. फ्रान्सहून पोरं यायची त्याच्याकडे. 2005 ला गेला.

पाकिटात त्या पावलाचं कार्ड घातलंय. काकूंना दाखवू नकोस, म्हणतील, परदेशात जाऊन पैसे मोजून पाय आणला!

तुझा,
बाळ्या