तो किडा चिरडू नका, आणि परस्पर ‘आफ्रिकन’ही ठरवू नका

संपादक महोदय,
स. न.

पावसाळा लागला की एका काळ्या-केशरी किड्याचा फोटो नाशिककरांच्या मोबाइलवर फिरू लागतो. खाली ओळ असते, ‘आफ्रिकेतून आलेली नैरोबी माशी’. ही माशी नसून भुंगेरा आहे, हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. घोळ त्यापुढचा आहे.

पूर्व आफ्रिकेत या नावाने ओळखल्या जातात त्या मुख्यतः दोन जाती, पेडेरस सबेअस आणि पेडेरस एक्झिमियस. पैकी सबेअसचे वर्णन कीटकतज्ज्ञ एरिकसन यांनी १८४० मध्ये केले. पेडेरस ही प्रजाती (म्हणजे अनेक जातींचा गट) मात्र त्याआधीची, कीटकतज्ज्ञ फॅब्रिसियस यांनी १७७५ मध्ये नोंदवलेली, आणि तिच्या जाती जगभर आहेत. भारतातल्या भातशेतीत सर्रास दिसणारी पेडेरस फ्युसिपेस ही त्यांतलीच एक. त्यामुळे इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या भातपट्ट्यात असा किडा दिसला, तर तो नैरोबीहून आला असे मानायचे कारण नाही.

ओळख अशी पटवावी. लांबी साधारण ७ ते १० मिलिमीटर, रुंदी जेमतेम १ मिलिमीटर. डोके काळे, मान केशरी-तांबडी. त्यामागे निळसर-हिरव्या चमकीचे दोन आखूड, कडक पंख. पोटाचा बराचसा भाग उघडाच राहतो. उडायचे पातळ पंख या आखूड पंखांखाली घडी घालून ठेवलेले असतात. उघडे पोट केशरी आणि शेवटचे टोक काळे. लोक याला पंखवाली मुंगी समजतात. पण मुंगीची कंबर बारीक असते आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, तर याच्या मिशा ११ खंडांच्या, दोऱ्यासारख्या सरळ. डिवचला की विंचवासारखे शेपूट उचलतो. नांगी मात्र नसते.

एवढ्यावरून प्रजाती ठरते, जात नाही. रंगसंगती अनेक जातींत सारखीच असल्याने नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. मोबाइलच्या फोटोवरून जात सांगणाऱ्याच्या आत्मविश्वासाचे कौतुक करावे, विधानावर विश्वास ठेवू नये.

त्रास होतो तो चावल्याने किंवा डसल्याने नव्हे. याच्या रक्तात पेडेरिन नावाचे विष असते, ते किड्याच्या अंगात राहणारे जिवाणू तयार करतात आणि मादीत ते जास्त असते. झोपेत मानेवर हात मारला, किडा चिरडला, की ते कातडीवर पसरते. लगेच काहीच जाणवत नाही, आणि फसगत होते ती इथेच. साधारण एक-दोन दिवसांनी लाल पट्टा उठतो, मग बारीक फोड येतात. कोपराच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन चट्टे उमटतात. अनेकांना ही नागीण वाटते. पण नागीण शरीराच्या एकाच बाजूला मज्जातंतूच्या पट्ट्यात येते आणि बरेचदा आधी तिथे दुखते.

अंगावर बसला तर फुंकर मारावी किंवा कागदावर चढवून बाहेर सोडावा. चिरडलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी, चोळू नये, आणि तो हात डोळ्याला लावू नये. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टर गाठावा. उशीचे अभ्रे आणि कपडेही धुवावेत, कारण वाळलेल्या किड्यातही विष टिकते. फोडांवर चुना, हळद, टूथपेस्ट असले प्रयोग नकोत.

किडे दिव्याकडे येतात. खिडकीलगतचे पांढरे दिवे संध्याकाळनंतर बंद ठेवावेत, जाळ्या बसवाव्यात, पलंग दिव्याखालून हलवावा. शेतात मात्र यांच्यावर फवारणी करू नये. हा भुंगेरा भातावरचे तुडतुडे खातो. तो मेला तर तुडतुड्यांचे फावते.

आपल्या दैनिकाला विनंती, पुढच्या वेळी बातमीसोबतच्या फोटोत किड्याशेजारी मोजपट्टी ठेवावी आणि खाली फक्त ‘पेडेरस भुंगेरा’ असे छापावे.

आपले,
कीटकशास्त्राचे काही अभ्यासक, नाशिक