माझ्या वडिलांचा फोटो भिंतीवरून उतरवावा लागला

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईतले कामगार संयुक्त महाराष्ट्रासाठी संप करून फ्लोरा फाउंटनला गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 15 माणसे गेली. गिरणीत साचे चालवणारे माझे वडील त्या गर्दीत होते. तेव्हा छापून आलेल्या एका फोटोत ते दिसतात. त्यांचा तरुणपणचा दुसरा फोटो आमच्या घरात नाही.

हा फोटो आम्ही लालबागच्या एका शाळेत 1 मेच्या प्रदर्शनात लावला. तिकीट नव्हते, फ्लेक्सचा खर्च माझ्या पेन्शनमधून केला. आदल्या संध्याकाळी एका छायाचित्रसंग्रहाच्या वकिलाची नोटीस आली: फोटो उतरवा, नाहीतर साडेचार हजार भरा. फोटोग्राफर कोण, हक्क त्या संग्रहाकडे कसे आले, याचे उत्तर अजून नाही. मुख्याध्यापक घाबरले. मी स्टुलावर चढून वडिलांचा फोटो स्वतःच्या हाताने काढला. वयाच्या सत्तरीत हे करायला लागावे, साहेब?

मी कॉपीराइटचा कायदा वाचला आहे. पूर्वी फोटोचा कॉपीराइट प्रसिद्धीपासून 60 वर्षे असे. म्हणजे हा फोटो 1 जानेवारी 2016 ला सर्वांचा झाला असता. 2012 च्या दुरुस्तीने फोटोंच्या मुदतीचे कलम 25 काढून टाकले आणि मुदत झाली फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षे. तो 1995 साली वारला असेल तर 2055 पर्यंत थांबायचे. कोण थांबणार? परवानगीशिवाय वापराची सूट देणाऱ्या कलम 52 खाली वर्गात शिकवताना शिक्षकाला हाच फोटो चालतो. मुलांच्या आईबापांना भिंतीवर दाखवला की वकील येतो. मालक सापडत नसेल तर कलम 31क आहे म्हणतात. त्यासाठी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्या, मग परवान्यासाठी अर्ज करा. लालबागच्या कामगारांच्या फोटोचा मालक इंग्रजी पेपरात शोधायचा आणि पैसे आम्ही भरायचे!

विनाशुल्क इतिहास प्रदर्शनांना कलम 52 मध्ये जागा द्या. जुन्या फोटोंची मुदत पुन्हा प्रसिद्धीपासून मोजा. एवढेच मागते.

पण मालकांसाठी तुम्ही लोक रातोरात हलता. 1991 च्या अखेरीस रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत होती, तर वटहुकूम काढून 50 ची 60 वर्षे केलीत. 2016 मध्ये कॉपीराइटचा कारभारच मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून उचलून उद्योगधंद्यांच्या खात्यात नेलात. म्हणूनच माझ्यासारख्या शिक्षिकेला वडिलांच्या फोटोसाठी व्यापारमंत्र्यांना पत्र लिहावे लागते. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, कामगार कर्जत-कसाऱ्याला फेकले गेले, आता त्यांच्या आठवणींवरही कोणीतरी मालकी सांगतो आणि सरकारचा कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो.

येत्या 21 नोव्हेंबरला आम्ही प्रदर्शन पुन्हा भरवणार आहोत. त्याआधी मला लेखी उत्तर हवे आहे, आणि ते मराठीत हवे आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, लालबाग