पक्या, फोनवर राहून गेलेलं

८ फेब्रुवारी २०२६
मिनियापोलिसजवळ

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू एकदम विचारलंस की मन्या, तू तर कायम कायद्याच्या बाजूचा, ट्रम्पला मत दिलेला माणूस, मग आता एजंटांनी गोळ्या घालून मारलेल्या, पिस्तूल बाळगणाऱ्या त्या नर्सची बाजू कशी काय घेतोस. मागं पोरांचा दंगा चालू होता, मी काहीतरी थातूरमातूर बोललो आणि फोन ठेवला, पण ते डोक्यातून गेलंच नाही. म्हणून आज रविवारी निवांत टाइप करायला बसलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी एक सांगतो, इमिग्रेशनबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. मी २००७ ला एच-वन-बीवर आलो, २००८ ला ग्रीन कार्डची फाइल लागली आणि कार्ड हातात पडलं २०१८ ला, का तर कुठल्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांच्या वर कार्डं मिळत नाहीत आणि आपली लाइन किती लांब ते तुला माहितीच आहे. मधे व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं म्हणून ताईच्या लग्नाला येता आलं नाही, मांडव घालण्यापासून शेवटच्या पंगतीपर्यंत माझ्या जागी तू उभा होतास, ते मी जन्मात विसरणार नाही. एवढं सगळं केलेल्या माणसाला कोणी सांगायला लागलं ना, की कागदाला काय एवढं, माणूस महत्त्वाचा, तर पोटात तुटतं रे. १९८६ साली रेगननं साधारण २७ लाख लोकांना कागद देऊन टाकले, बदल्यात बिनकागदाचे कामगार ठेवणाऱ्या कंपन्यांवर कडक कारवाई होणार असं ठरलं होतं. कागद मिळाले, कारवाई कधी धडपणे झालीच नाही, आणि आज पुन्हा तेच. त्यामुळं आईसनं, म्हणजे इथल्या इमिग्रेशन पोलिसांनी, आपलं काम करावं, बेकायदा राहणाऱ्याला, त्यातही गुन्हे केलेल्याला परत पाठवावं, हे मी आजही तुला छातीठोकपणे सांगेन.

आणि हे सगळं रस्त्यावर का आलं तेही बघ. मिनियापोलिस ज्यात येतं त्या आमच्या हेनेपिन काउंटीच्या जेलमधून अशा माणसाला सरळ फेडरल एजंटांच्या ताब्यात देत नाहीत, त्यांना जज्जच्या सहीचं वॉरंट लागतं. बंद दाराआड चार लोकांत जे शांतपणे झालं असतं ते मग घरासमोर, दुकानासमोर, शिट्ट्यांच्या आवाजात आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांसमोर होतं. डिसेंबरमधे इथं ऑपरेशन मेट्रो सर्ज, म्हणजे बिनकागदाच्या लोकांना पकडायची फेडरल मोहीम, सुरू झाली, जानेवारीत हजारो एजंट शहरात होते. सात तारखेला गाडीत बसलेली एक बाई एजंटच्या गोळीनं गेली, तेव्हापासून वातावरण असं झालं की शेजारी शेजाऱ्याशी नीट बोलेना. एजंटांच्या गाड्यांच्या आडवं जाणं, त्यांना घेरणं हे मला अजिबात पटत नाही. अडवणूक हा गुन्हा आहे, जो करेल त्याला अटक करा, कोर्टात उभा करा.

आता २४ जानेवारीचं. शनिवार, सकाळची वेळ, असली थंडी की दाराचं हँडल हाताला चिकटावं. मिनियापोलिसच्या निकोलेट अव्हेन्यूवर बॉर्डर पेट्रोलच्या, म्हणजे सीमेवरच्या फेडरल पोलिसांच्या, लोकांनी ३७ वर्षांच्या एका माणसाला गोळ्या घालून मारलं. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात आयसीयू नर्स होता, तोच हा. मी ते व्हिडिओ किती वेळा बघितले ते सांगत नाही तुला, बायको शेवटी ओरडली. त्याच्या हातात मोबाइल दिसतो. एका बाईला ढकलतात, हा मधे जातो, तोंडावर स्प्रे मारतात, मग पाच-सहा जण त्याला खाली दाबतात. राखाडी जॅकेटवाला एक एजंट त्याच्या कमरेची पिस्तूल काढून बाजूला होताना दिसतो आणि मग गोळ्यांचा आवाज येतो. पिस्तूल त्याच्याकडं होती, हे खरं. पण त्याच्याकडं ती जवळ बाळगायचं परमिट होतं, तेच परमिट पक्या, जे माझ्या पाकिटात आहे.

ते कसं मिळतं सांगतो, कारण तुम्हाला तिथं वाटतं इथं किराणा घेतल्यासारखी बंदूक घेऊन फिरतात. मी व्हिसावर होतो तोपर्यंत मला बंदूक ठेवायचा हक्कच नव्हता, शिकारीच्या लायसन्ससारखे एक-दोन अपवाद सोडले तर फेडरल कायद्यानं तो गुन्हाच आहे. ग्रीन कार्ड आल्यावर हक्क आला, तरी मी दोन वर्षं घेतली नाही. मग २०२० चा मे महिना, जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं मारल्यावर मिनियापोलिसचा लेक स्ट्रीट जळत होता, २८ तारखेच्या रात्री थर्ड प्रिसिंक्टचं पोलीस ठाणंच पेटवलं, पोलीस आतून निघून गेलेले. त्या रात्री पोरीला मधे घेऊन आम्ही दोघं जागे बसलो आणि मला पहिल्यांदा कळलं की फोन लावला तरी कोणी येईलच असं नाही. मग क्लास केला. म्हातारे इन्स्ट्रक्टर होते, आर्मीतून रिटायर झालेले. दिवसातला निम्मा वेळ त्यांनी नुसतं एकच शिकवलं, बंदूक कधी काढायची नाही. भांडणात काढायची नाही, रागात काढायची नाही, दारू प्यायली असेल तर बरोबर न्यायचीच नाही. पोलिसानं गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, विचारलं की खरं सांगायचं. मग कागदाच्या टार्गेटवर नेम, शेरीफच्या ऑफिसात अर्ज, बॅकग्राउंड चेक, आणि कार्ड आलं, पाच वर्षांचं. गेल्या वर्षी रिन्यू केलं. मिनेसोटाच्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही की मोर्चात गेलास तर हे कार्ड रद्द. कार्ड घरी विसरलास तर पहिल्या वेळेला दंड किती माहितीये, जास्तीत जास्त २५ डॉलर. पंचवीस डॉलर, पक्या.

आणि त्या गोळीबारानंतर आमची माणसं काय काय बोलली! कॅलिफोर्नियातला आमच्याच सरकारचा एक वरिष्ठ फेडरल वकील म्हणाला की बंदूक घेऊन पोलिसांच्या जवळ गेलात तर त्यांनी गोळी घालणं बहुतेक कायदेशीरच ठरेल. एफबीआयचे काश पटेल म्हणाले, भरलेली बंदूक आणि जास्तीची मॅगझिन घेऊन प्रोटेस्टला जाताच येत नाही. खुद्द ट्रम्प म्हणाले, बंदुका घेऊन असं येता येत नाही. मी सोफ्यावरून उठून उभाच राहिलो. ज्यांना मत दिलं त्यांच्या तोंडून हे ऐकायचं?

कारण २० जानेवारी २०२० मला चांगला आठवतो. व्हर्जिनियात रिचमंडला बंदूक कायद्यांविरुद्ध आमचे साधारण बावीस हजार लोक जमले होते, कित्येकांच्या खांद्यावर रायफली, चारी बाजूंना पोलीस, आणि दिवसभरात एक गोळी उडाली नाही. तेव्हा आम्ही सगळे अभिमानानं सांगत होतो की बघा, हत्यारबंद माणूस म्हणजे दंगलखोर नव्हे. आता मोर्चा दुसऱ्यांचा आहे म्हणून तीच कमरेची बंदूक गुन्हा झाली? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हेच ना? सुप्रीम कोर्टानं २०२२ ला ब्रूएनच्या केसमध्ये सांगितलं, निकाल जस्टिस थॉमसनी लिहिला, की घराबाहेर स्वसंरक्षणासाठी हँडगन बाळगणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे. त्यात असं नाही म्हटलं की मोर्चा कोणाचा ते बघून ठरवा. आणि बोलायचा, जमायचा हक्क पहिल्या अमेंडमेंटमधे, बंदुकीचा दुसऱ्या, दोन्ही १७९१ पासूनचे. एक वापरला की दुसरा घरी ठेवून ये, असं कुठल्या कागदावर लिहिलंय?

तू म्हणशील, अरे पण जायचं कशाला बंदूक घेऊन अशा गर्दीत. मी नाही जाणार. ढकलाढकली होणार हे माहीत असेल तिथं मी पिस्तूल नेणार नाही, आमच्या इन्स्ट्रक्टरनी तेच सांगितलं असतं. पण नेऊ नये हे शहाणपण झालं, कायदा नव्हे, आणि शहाणपण नव्हतं म्हणून माणसाला मारायचं नसतं. तो एजंटांच्या मधे आला असेल तर त्याला बेड्या घाला, केस करा. त्या एजंटांचंही काम सोपं नाही हे मी मानतो, चारी बाजूंनी आरडाओरडा, कोणीतरी 'गन' म्हणून ओरडतं, अर्ध्या सेकंदात ठरवायचं. म्हणूनच तर चौकशी नीट व्हायला पाहिजे, सगळी, उघडपणे. पण चौकशीच्या आधीच, त्याच दिवशी, वरून त्याला दहशतवादी म्हणून मोकळे झाले. याला मी कायद्याचं राज्य म्हणणार नाही.

निदान बंदूकवाल्या संघटना या वेळी गप्प बसल्या नाहीत. एनआरएनं त्या वकिलाचं बोलणं धोकादायक आणि चुकीचं आहे असं सरळ म्हटलं. केंटकीचे आमचे रिपब्लिकन खासदार थॉमस मॅसी तर अजून स्पष्ट बोलले. ते वाचून बरं वाटलं आणि लाजही वाटली. लाज अशासाठी की २०१६ च्या जुलैत, इथंच, फाल्कन हाइट्सला, शाळेच्या कँटीनमधे काम करणाऱ्या ३२ वर्षांच्या एका काळ्या माणसाची गाडी पोलिसानं थांबवली. त्यानं शिकवतात तसंच केलं, सर, माझ्याकडं बंदूक आहे, असं आपणहून सांगितलं. परमिट होतं. गोळ्या घातल्या त्याला, शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची पोर. तो पोलीस पुढच्या वर्षी निर्दोष सुटला. तेव्हा एनआरए जवळपास गप्प होती आणि मीही गप्पच होतो, व्हिसावरचा माणूस, आपल्याला काय करायचंय म्हणून. तेव्हा आम्ही सगळे बोललो असतो तर आज आमच्या बोलण्याला वजन असतं.

तुझ्या आबांची बाराबोअर आठवते का? उसात डुकरं घुसायची म्हणून लायसन्सवर घेतलेली, तेल लावून जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली असायची, आपण हात लावला की आबांची शिवी ठरलेली. आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा. एकदा मी त्यांच्याबरोबर आलो होतो, सायकलच्या दांडीला बांधलेली बंदूक, हवालदारानं वहीत नंबर लिहिला, आबांनी सही केली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग रात्री जेवताना म्हणाले, डुकरांना काय निवडणूक असती व्हय. मला तेव्हा हसू आलं होतं. आता कळतं त्यांना काय लागलं होतं ते. आपल्याकडं हा कायदा मुळात इंग्रजांचा, १८७८ चा, लिटन व्हाइसरॉय असतानाचा, त्यात हिंदी माणसाला लायसन्स लागायचं आणि गोऱ्याला सूट होती. म्हणजे हत्यार वाईट नव्हतं, कोणाच्या हातात आहे तेवढंच बघायचं. मी इथं आलो, शपथ घेऊन नागरिक झालो २०२४ ला, ती या बाबतीत इथलं माप वेगळं आहे असं समजून. आणि आता माझेच नेते तेच जुनं माप काढायला लागलेत.

यात आमचंच नुकसान आहे हे त्यांना कसं कळत नाही. उद्या सरकार बदलणार, आज ना उद्या बदलतंच, आणि तेव्हाचे एजंट आमच्यातल्या कोणाच्या कमरेला पिस्तूल बघून हेच बोलतील, की तुमच्याच माणसांनी नियम घालून दिलाय. शिवाय इमिग्रेशनच्या कारवाईला जो थोडाफार पाठिंबा इथल्या मधल्या लोकांत होता तोही गेला. आमच्या नेमबाजीच्या रेंजवर येणारा एक सुतारकाम करणारा गडी, तीन वेळा ट्रम्पला मत दिलेला, परवा बंदूक साफ करता करता म्हणाला, मला सीमा बंद हवी होती, हे नको होतं. पुढं आम्ही दोघंही काही बोललो नाही, नुसते ब्रश घासत बसलो.

मी आमच्या खासदाराच्या ऑफिसला फोन केला, दोनदा. पहिल्यांदा मशीनवर निरोप ठेवला, दुसऱ्यांदा एका पोरीनं उचलला, तिला सांगितलं की मी रिपब्लिकन आहे, परमिटवाला आहे, मला दोन्ही हवंय, कारवाईही आणि हक्कही, लिहून घे. तिनं घेतलं. बुधवारी ट्रम्पचे सीमाप्रमुख टॉम होमन यांनी सातशे एजंट परत नेतोय असं जाहीर केलं, बघू आता काय होतं. ग्रोसरीला गेलो की आपली माणसं पासपोर्ट खिशात घालून आलेली दिसतात, मीही नेतो, विचारलं तर दाखवीन, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. पिस्तूलही नेतो, नेहमीसारखी. फक्त गाडी चालवताना हात आता आपोआप स्टिअरिंगच्या वरच्या बाजूला जातात, हे हल्लीच लक्षात आलं.

काकूंना नमस्कार सांग, गुडघ्याचं काय झालं ते लिही. आणि तुमच्याकडं झेडपीची गडबड चालू होती ना, आबांची बंदूक ठाण्यातून परत आणलीस का अजून तिथंच आहे?

तुझाच,
मन्या