अप्पा, मी क्लचवालीच गाडी घेतेय

स्टुटगार्ट,
१२ जुलै

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

आई काल फोनवर म्हणाली की गंगापूर धरणातून पाणी सोडलंय आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलंय. म्हणजे तुम्ही रामकुंडाकडे चक्कर मारून आला असणारच. पायऱ्या निसरड्या झाल्यात, गुडघ्याचा पट्टा लावल्याशिवाय जाऊ नका.

पत्र लिहायला बसले तेही गुडघ्यापायीच. गाडीचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "क्लच दाबून दाबून माझा गुडघा गेला, तू ऑटोमॅटिकच घे," आणि फोन आईकडे दिलात. फोनवर मला तुमच्यापुढे बोलता येत नाही. तुमचा शब्द राखायचा म्हणून मी दोन्ही गाड्या चालवून बघितल्या, मगच ठरवलं.

गाडी बीएमडब्ल्यूची एम-३, ई-४६ पिढीतली, २००५ ची. ३.२ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, ३४३ हॉर्सपॉवर. एकाच आठवड्यात दोन सापडल्या. एक क्लच आणि सहा गिअरची. दुसरी एसएमजी म्हणतात त्या गिअरबॉक्सची, आणि तीच स्वस्त मिळत होती. तुम्ही ऑटोमॅटिक म्हणता ती ही नव्हे, अप्पा. हिच्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनाचा जोर पुढे देणारा भाग, नाही. आत तेच सहा गिअर, तीच कोरडी क्लचप्लेट. फक्त क्लचचं पेडल काढून टाकलंय आणि तुमच्या पायाचं काम एका हायड्रॉलिक पंपाला दिलंय. पंप तेलाचा दाब तयार करतो, तो दाब एका टाकीत साठतो, आणि तुम्ही स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की व्हॉल्व्ह उघडून क्लच सुटतो, गिअर पडतो, क्लच पुन्हा लागतो. सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात. माझ्याच्याने ते जन्मात होणार नाही.

तुमची सेलेरिओ याच जातीची आहे. तिच्यात 'पी', म्हणजे पार्किंगचा गिअर, नाही, हिच्यातही नाही. उभी करताना गिअरमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा. पॅडलचा हा गिअरबॉक्स फॉर्म्युला वन शर्यतीत पहिल्यांदा आणला फेरारीने, १९८९ साली, आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल ती गाडी घेऊन जिंकला. १९९७ मध्ये फेरारीने तो रस्त्यावरच्या ३५५ या गाडीत दिला, त्यात मॅग्नेटी मारेल्ली ही इटलीची कंपनी होती. २०१४ साली सेलेरिओ आली तेव्हा तिच्या एएमटीचा, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेचा, संचही याच कंपनीचा होता. सातपूरहून भाजी आणायला जाता तेव्हा तुमच्या हाताखाली ते घराणं असतं.

आता खरं सांगते. मागच्या दिवाळीत मी तुमच्या शेजारी बसले होते. आपण त्र्यंबकला चाललो होतो. गिअर बदलायची वेळ आली की सेलेरिओ क्षणभर दम खाते आणि सगळ्यांच्या माना पुढे जातात. तुमच्या हातात मात्र कुणाची मान हलली नाही. मी तुमच्या पायाकडे बघत राहिले. गाडी गिअर बदलणार त्याच्या किंचित आधी तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत होतात, आणि गिअर पडला की हळूच परत टेकवत होतात. डावा पाय नुसता पडून होता. क्लच नाही, लिव्हरला हात नाही, तरी गिअर तुम्हीच बदलत होतात. तीस वर्षं नाशिक-मुंबई केलेल्या माणसाचा पाय तो.

एसएमजीवाली मी बाडेन-बाडेनच्या वरच्या जंगलात, बी-५०० रस्त्यावर चालवली. पळते सुंदर. उतारावर वळणाआधी डावं पॅडल ओढलं की गाडी आपणहून एक रेस मारते आणि मग खालचा गिअर घेते. तो आवाज ऐकला आणि मला कसारा घाटच आठवला. मी सात-आठ वर्षांची, तुमच्या मागच्या सीटवर. तुम्ही क्लच दाबून न्यूट्रल करायचात, क्लच सोडून एक रेस द्यायचात, पुन्हा क्लच, आणि मग खालचा गिअर पडायचा. डबल क्लच. त्या जुन्या गाड्यांत सिंक्रो, म्हणजे गिअरांचा वेग जुळवून देणारा भाग, नव्हता, रेस कमी-जास्त झाली की अख्खी एसटी कुरकुरायची. मला त्या वयात वाटायचं, अप्पा गाडीशी बोलतात. इथे ते बोलणं कॉम्प्युटर करत होता, बिनचूक, आणि मी नुसती ऐकत होते. क्लचवाली त्याच रस्त्यावर नेली तेव्हा माझे तीन गिअर चुकले. तरी परतताना पुन्हा एकदा वर जाऊन यावंसं वाटलं.

पण नुसत्या हौसेवर ठरवलेलं नाही. गाडी वीस वर्षांची. क्लचवाल्या गाडीत झिजून झिजून काय झिजणार? क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. ते इथला कुठलाही बरा गॅरेजवाला उतरवून बसवतो. एसएमजीत हे सगळं तर आहेच, वर पंप, दाबाची टाकी, व्हॉल्व्ह, सेन्सर, वायरिंग. माझ्या ऑफिसातल्या एकाची अशीच पॅडलवाली जुनी गाडी आहे, बनावट वेगळी. मार्चमध्ये आम्ही दोघं तिच्यातून येत असताना हायवेवरून उतरतानाच दाब गेला. दिवा लागला, गाडी न्यूट्रलमध्ये आणि गिअर घेईचना. इंजिन मस्त चालू होतं. दीड तास पावसात उभे राहिलो, मग टो करून नेली. पंपाचा खर्च ऐकून तो गप्पच झाला. क्लचवाली गाडी जाताना आधी सांगून जाते: पेडल वर लागायला लागतं, चढाला आरपीएम वाढतात पण गाडी ओढत नाही. हे तुम्हीच शिकवलंत.

दोन क्लचचे नवे गिअरबॉक्स निराळे, त्यांत पुढचा गिअर आधीच तयार असतो. पोर्शेने २००८ पासून ९११ मध्ये दिला तो तसाच. तो मला मनापासून आवडला, पण तेवढे पैसे नाहीत.

आता तुमचा गुडघा. तो बसच्या क्लचने गेला, अप्पा, आणि मुंबई नाक्यापासून पुढे दिवसातून शेकडो वेळा दाबून गेला. मी कामाला ट्रेनने जाते. ही गाडी रविवारची. नाशकात राहून रोज द्वारका सर्कलच्या गर्दीतून जायचं असतं, तर एका शब्दाने तुमचं ऐकलं असतं आणि एएमटीच घेतली असती. फक्त तुम्ही कसाऱ्याच्या जाममध्ये चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवता ते सोडा. ब्रेकवर धरा. आत कोरडी क्लचप्लेटच आहे, ती जळते.

क्लचवालीचं मी जमेल तेवढं तपासलंय. थंड असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात घातली, कुरकुर नाही. चौथ्यात कमी आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, क्लच घसरत नाही. एकच शंका आहे. न्यूट्रलमध्ये उभी असताना बारीक घरघर येते असं मला वाटतं, आणि विकणारे गृहस्थ म्हणतात काही नाही. तुम्ही नेहमी पहिला प्रश्न तोच विचारायचात: आवाज क्लच दाबल्यावर येतो की सोडल्यावर? दाबल्यावर आला तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर आला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. माझ्या कानाला नक्की कळत नाहीये.

शनिवारी दहाला मी पुन्हा तिथे जाणार आहे. तुमच्याकडे दीड वाजलेला असेल, जेवण आटोपलेलं असेल. टीव्ही बंद करायला सांगा आणि फोन कानाशी धरून बसा. बॉनेट उघडून मी फोन गिअरबॉक्सच्या बाजूला धरते, आत बसलेली माझी मैत्रीण क्लच तीनदा दाबेल, तीनदा सोडेल. तुम्ही ठीक म्हणालात तरच मी पैसे देणार.

आईला नमस्कार. तिला सांगा, गाडीला सीटबेल्ट आहेत आणि मी लावते.

आपली,
बेबी