पासबुकातले वीस रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि खात्यांची संख्या पुढे ५० कोटींवर गेली, याचं कौतुक आहेच. पण त्या खात्यात काय चाललंय, हे खातेदाराला कळतं का?

मी निवृत्त बँक कर्मचारी. शेजारपाजारच्या बायका पासबुकं वाचून घ्यायला येतात. मे अखेरीला दोन नोंदी हमखास दिसतात : २० रुपये आणि ४३६ रुपये. पुढे इंग्रजीत चार-पाच अक्षरं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कापले असतील बँकेनं कशाचे तरी." वीस रुपये म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता, अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती विम्याचा. मृत्यू कशानेही होवो, २ लाख. हप्ता वर्षानुवर्षं इमानेइतबारे जातो आणि माणूस गेल्यावर दावा करायला घरातलं कुणी फिरकत नाही, कारण विमा होता हेच ठाऊक नसतं. साप चावून किंवा झाडावरून पडून मेलेल्याचंही सुरक्षा विम्यात मिळतं, मात्र दवाखान्याचे कागद लागतात. तेराव्यानंतर ते कुठून आणायचे?

फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह असतो. फलक लागतात, बचतीचं महत्त्व सांगितलं जातं. बचत गटाचा हप्ता कधी न चुकवणाऱ्या, वर भिशी सांभाळणाऱ्या बायकांना बचत काय शिकवायची! (त्यांचा हिशेब काही शाखाधिकाऱ्यांपेक्षा पक्का असतो, हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय.) त्यांना सांगायचं ते हे, की खात्याला वारस लावलाय का ते बघा. जनधन खात्यावर मिळणाऱ्या रुपे एटीएम कार्डावरच्या अपघात विम्यासाठी अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं असावं लागतं. आणि किमान शिल्लक न लागणारं मूलभूत बचत खातं मागणं हा तुमचा हक्क आहे. लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा होताच काहींचे पैसे शिल्लक नसल्याच्या दंडात वळते झाल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये आल्याच होत्या.

बँकांनी पासबुकात विम्याचं नाव मराठीत छापावं. संगणकाला ते जड नाही. आणि मृत्यूचा दाखला देताना ग्रामसेवकाने "घरातलं पासबुक घेऊन या, बघू" एवढं म्हणावं. दाखल्यासाठी त्या दारात प्रत्येकाला जावंच लागतं.

आपला,
एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)